याच्यात ते सगळं आहे का?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधले, म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या वस्तूंनी प्रोग्राम रचण्याच्या पद्धतीतले, काही प्रश्न इतके साधे दिसतात की त्यांच्यापाशी थांबावं असं कोणाला वाटतच नाही. दोन कलेक्शन्स, म्हणजे अनेक वस्तू एकत्र ठेवणारे संग्रह, समोर आहेत. पहिल्यात दुसरं सगळंच्या सगळं आहे का? जावा या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी तयार मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला नावाने सांगता येणारं काम, आहे: कन्टेन्सऑल. दोन-चार अक्षरं टाइप केली की एडिटरच नाव सुचवतो, एन्टर दाबलं की ओळ पूर्ण. उत्तर एकतर हो, नाहीतर नाही. तरीही दुसऱ्याचा कोड वाचताना मी या ओळीपाशी हमखास रेंगाळतो. त्या एका ओळीत लिहिणाऱ्याने बरेच निर्णय घेतलेले असतात, आणि आपण ते घेतले आहेत हे बहुतेक वेळा त्याला जाणवलेलंही नसतं.

गणितात ‘अ हा ब चा उपसंच आहे’ असं म्हटलं की ते दोघांमधलं नातं असतं. ते असतं किंवा नसतं. कोणी कोणाला विचारायला जात नाही. ऑब्जेक्टच्या जगात तसं नाही. इथे प्रत्येक प्रश्न कोणाला तरी विचारावा लागतो. कोडमध्ये आधी ऑब्जेक्टचं नाव, मग डॉट, मग मेथड असं लिहितात; डॉटच्या डावीकडे जो बसलेला असतो तो उत्तर देतो, आणि ते आपल्या समजुतीप्रमाणे देतो. त्यामुळे समावेशाचा हा प्रश्न दोन कलेक्शन्सच्या आशयाइतकाच, तो कोणाला विचारला आणि त्याच्या लेखी ‘तेच’ म्हणजे काय, यावर अवलंबून असतो. या प्रश्नावर मला जे काही म्हणायचं आहे ते सगळं याच्याच आसपास फिरतं.

सुरुवातीला एक जुनी गफलत बाजूला करतो. कन्टेन्स आणि कन्टेन्सऑल या दोन मेथड्स शेजारी शेजारी राहतात आणि नव्या माणसाचा हात पहिलीवर पडतो. [१, २, ३] या लिस्टला, म्हणजे क्रमाने मांडलेल्या कलेक्शनला, कन्टेन्स वापरून विचारलं की तुझ्यात [१, २] आहे का, तर ती ‘नाही’ म्हणते. तिचं बरोबरच आहे. तिला विचारलं गेलं की [१, २] ही अख्खी लिस्ट तुझा एक घटक आहे का. तसा घटक तिच्यात नाही. तिच्यात आकडे आहेत. जावात कन्टेन्स कुठलाही ऑब्जेक्ट स्वीकारते, त्यामुळे कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, हूं की चूं करत नाही. घटक असणं आणि उपसंच असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे गणितालाही मुद्दाम सांगावं लागलं होतं. १८८९ साली ज्युसेप्पे पेआनो यांनी या दोहोंसाठी वेगवेगळी चिन्हं वापरली, तेव्हापासून ती सीमारेषा कागदावर स्पष्ट दिसू लागली. पायथन या भाषेत तर एकच ‘इन’ दोन अर्थांनी वावरतो. स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या मालिकेच्या, बाबतीत तो तुकडा शोधतो, म्हणून ‘कमल’ हे ‘कमलाकर’मध्ये सापडतं, लिस्टच्या बाबतीत तो घटक शोधतो, म्हणून [१, २] हे [१, २, ३]मध्ये सापडत नाही. दोन्ही वागणुकी आपापल्या जागी सयुक्तिक आहेत. पण स्ट्रिंगची सवय लागलेलं मन लिस्टकडूनही तीच अपेक्षा धरतं, आणि फसतं.

आता कन्टेन्सऑलच्या आत जाऊ. जावाची आजची कलेक्शन्सची चौकट १९९८च्या डिसेंबरमध्ये, जावाच्या १.२ या आवृत्तीबरोबर आली. तिची रचना जोशुआ ब्लॉक यांची. त्यातला ॲबस्ट्रॅक्टकलेक्शन हा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवण्याचा साचा, उघडून पाहिला तर कन्टेन्सऑलचा गाभा चार-पाच ओळींचा आहे. समोरच्या कलेक्शनमधला एकेक घटक घ्यायचा, स्वतःला विचारायचं, ‘हा माझ्यात आहे का?’ एक जरी सापडला नाही तरी लगेच ‘नाही’ म्हणून बाहेर पडायचं. सगळे सापडले तर ‘हो’. हा कोड मी अनेकांना उघडून दाखवतो, कारण तो वाचल्यावर या मेथडच्या सगळ्या सवयी आपोआप उलगडतात.

ही वर्गातल्या हजेरीसारखी पद्धत आहे. यादीतलं नाव पुकारायचं, कोणी ‘हजर’ म्हणालं की पुढचं नाव. पण यादीत एकच नाव दोनदा आलं तर? तोच मुलगा दोनदा ‘हजर’ म्हणेल आणि हजेरी पुरी भरेल. दुसऱ्यांदा उठलेला हात पहिल्यांदा उठलेलाच होता, याची नोंद कुठेच होत नाही. कन्टेन्सऑलचं नेमकं हेच आहे. एकच ‘क’ असलेली लिस्ट ‘क, क, क’ या लिस्टला बेधडक सामावून घेते. किती वेळा, हा विचार त्या चार-पाच ओळींमध्ये कुठेच नाही.

यातून एक फसवी युक्ती जन्माला येते, आणि ती चाचण्यांच्या कोडमध्ये वारंवार दिसते. दोन लिस्टमध्ये तेच घटक आहेत का, क्रम काही का असेना, हे तपासायचं असतं. मग लिहिणारा दोन्हींची लांबी सारखी आहे हे बघतो आणि पहिलीत दुसरी आहे का ते विचारतो. जरा जास्त काळजी घेणारा उलट दिशेनेही विचारतो. वरवर पाहता कुठेच फट राहिली नाही असं वाटतं. आता [१, १, २] आणि [१, २, २] घ्या. लांबी दोन्हींची तीन. पहिलीत दुसरीतले १ आणि २ सापडतात. दुसरीत पहिलीतले १ आणि २ सापडतात. तिन्ही तपासण्या पार पडल्या, चाचणी हिरवी, म्हणजे पास, झाली, आणि या दोन लिस्ट एकच नाहीत. हिरव्या खुणेवर विसंबून कोणीतरी पुढे गेलं. अशी चाचणी नसलेली बरी. नसती तर निदान ती असल्याचा विश्वास तरी कोणी धरला नसता.

म्हणजे ‘सगळं आहे का’ या प्रश्नात ‘तितकं आहे का’ हा प्रश्न धरलेला आहे की नाही, हे आधी ठरवायला हवं. सगळ्या भाषांनी ते एकाच बाजूने ठरवलेलं नाही. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत इन्क्लूड्स नावाचं फंक्शन आहे. त्याची अट एवढीच की दोन्ही मालिका एकाच निकषाने चढत्या क्रमाने लावलेल्या हव्यात. त्याचं काम पाहायला मला फार आवडतं. समजा मोठी मालिका १, २, २, ४, ७ आणि छोटी २, २, ७. दोन्हींच्या पहिल्या आकड्यावर एकेक बोट ठेवायचं. मोठीतला १ हा छोटीतल्या २ पेक्षा लहान आहे. मोठीचं बोट पुढे. २ आणि २ जुळले. दोन्ही बोटं पुढे. पुन्हा २ आणि २ जुळले, दोन्ही पुढे. आता ४ विरुद्ध ७. मोठीचं बोट पुढे. ७ आणि ७ जुळले, छोटी संपली, उत्तर ‘हो’. छोटीत तिसरा २ असता तर मोठीचं बोट ४ वर असताना छोटीचं २ वरच अडून राहिलं असतं. मोठीतला आकडा छोटीतल्याच्या पुढे निघून गेला, म्हणजे आता तो पुढे कधीच भेटणार नाही, म्हणून तिथेच ‘नाही’. इथे एकदा जुळलेला घटक खर्ची पडतो, पुन्हा कामाला येत नाही. त्यामुळे मोजणी वेगळी करावी लागत नाही, ती चालण्यातच होऊन जाते. एकाच प्रश्नाला जावा ‘हो’ म्हणते आणि सी प्लस प्लस ‘नाही’ म्हणते, असे घटक हवे तेवढे दाखवता येतील. दोन्ही भाषांच्या कर्त्यांनी निर्णय विचारपूर्वकच घेतला. एका भाषेतून दुसरीत कोड नेताना तो निर्णय आपसूक बरोबर येत नाही, एवढं ध्यानात असलं म्हणजे झालं.

पुनरावृत्ती धरायची की नाही हा विचार काही संगणकाबरोबर आलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाशाचं प्रकरण आहे. त्यात २, २, १, १ या अंकांपासून किती वेगवेगळ्या संख्या होतील असं विचारलं आहे. चारही अंक वेगळे असते तर चोवीस झाल्या असत्या. दोन जोड्या सारख्या म्हणून सहाच होतात. सारखे अंक तिथे एकमेकांत विरघळत नाहीत, त्यांची संख्या हिशेबात धरावी लागते. अशा समूहाला पुढे मल्टिसेट हे नाव मिळालं, आणि स्मॉलटॉक-८० या भाषेत त्यासाठी ‘बॅग’ नावाचा क्लास सेटच्या, म्हणजे पुनरावृत्ती न ठेवणाऱ्या संचाच्या, जोडीला होताच. जावाच्या मूळ चौकटीत बॅग नाही. मला ती उणीव वाटते. बॅग हाताशी नसल्यामुळे माणसं लिस्टलाच बॅगेचं काम सांगतात, आणि लिस्ट ते काम करत नाही. पायथनमध्ये प्रत्येक घटक किती वेळा आला ते मोजणारा काउंटर आहे, आणि ३.१० आवृत्तीपासून दोन काउंटरमध्ये लहान-मोठ्याची खूण टाकून ‘यातलं सगळं, तितक्याच वेळा, त्याच्यात आहे का’ हे सरळ विचारता येतं. जावात मॅप, म्हणजे एका गोष्टीपुढे दुसरी नोंदवून ठेवणारा तक्ता, घेऊन प्रत्येक घटकापुढे त्याची संख्या मांडायची आणि संख्यांची तुलना करायची. पाच-सात ओळींचं काम आहे.

इथवर मोजणीचं झालं. खरी मेख मात्र ‘तेच’ या शब्दात आहे. कन्टेन्सऑल प्रत्येक घटकासाठी कन्टेन्सला विचारते. कन्टेन्स काय करते? ॲरेलिस्ट या लिस्टच्या प्रकारात ती ओळीने एकेका जागेवर जाते आणि शोधायला आणलेल्या घटकाला विचारते, ‘तू याच्याबरोबरीचा आहेस का?’ म्हणजे त्या घटकाच्या इक्वल्स या बरोबरी तपासणाऱ्या मेथडला हाक जाते. दोन मोठ्या कलेक्शन्सबद्दल विचारलेला प्रश्न असा खाली खाली उतरत शेवटी एका लहानशा मेथडच्या दारात येऊन थांबतो. ती मेथड कोणी लिहिली, कशी लिहिली, मुळात लिहिली की नाही, यावर सगळं ठरतं.

लिहिलीच नसेल तर सगळ्या क्लासेसच्या मुळाशी असलेल्या ऑब्जेक्ट नावाच्या क्लासकडून वारशाने आलेली इक्वल्स चालते, आणि तिच्या मते एखादी वस्तू फक्त स्वतःशीच समान असते. डेटाबेसमधल्या एकाच ओळीवरून दोनदा बनवलेले दोन ऑब्जेक्ट तिच्या लेखी परके. सगळी फील्ड्स, म्हणजे आत साठवलेली मूल्यं, तंतोतंत जुळत असली तरी उत्तर ‘नाही’. ॲरेंचंही, म्हणजे ठरावीक लांबीच्या साध्या रांगांचंही, तसंच; आत तेच आकडे असलेले दोन ॲरे एकमेकांना ओळखत नाहीत. २०२१मध्ये जावा १६बरोबर रेकॉर्ड हा, फक्त मूल्यं धरून ठेवणाऱ्या क्लासचा, प्रकार कायमचा आला, त्यात इक्वल्स आणि हॅशकोड (वस्तूवरून काढलेला एक आकडा) भाषाच तयार करून देते. या विषयापुरतं बोलायचं तर गेल्या काही वर्षांत जावात आलेल्या गोष्टींमध्ये मला सर्वांत जास्त दिलासा रेकॉर्डने दिला.

इक्वल्स लिहिली पण हॅशकोड लिहिला नाही, तर गोष्ट आणखी अवघड होते. नियम असा की समान वस्तूंचे हॅशकोड समान असलेच पाहिजेत. तो मोडला तरी लिस्टला काही कळत नाही, कारण ती हॅशकोड पाहतच नाही. मग कोणीतरी वेगासाठी लिस्टच्या जागी हॅशसेट, म्हणजे हॅशकोडवरून घटक शोधणारा सेट, घालतो. असा बदल सुचवणारे बरोबरच असतात. दहा हजार घटकांच्या लिस्टला दहा हजार घटकांबद्दल विचारलं तर वाईटात वाईट स्थितीत दहा कोटी तुलना होतात. हॅशसेटमध्ये साधारण दहा हजार शोधांत काम भागतं. पण हॅशसेट आधी हॅशकोडवरून कप्पा ठरवतो आणि मग त्या कप्प्यापुरतीच इक्वल्स विचारतो. काल लिस्ट ‘हो’ म्हणत होती, आज सेट ‘नाही’ म्हणतो. वेगासाठी केलेल्या बदलाने उत्तरच बदललं. दोष बदल करणाऱ्याचा नसतो. तो आधीपासून तिथे होता, फक्त आतापर्यंत त्याला कोणी हाक मारली नव्हती.

हॅशसेटचं एक रूप मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ त्याचा विचार करत राहिलो. एक ऑब्जेक्ट सेटमध्ये ठेवला. नंतर त्याचं असं एक फील्ड बदललं ज्यावर त्याचा हॅशकोड उभा आहे. सेटला याची खबर नाही; त्याने जुन्या हॅशकोडप्रमाणे त्याला जुन्या कप्प्यात ठेवलेलं आहे. आता सेटमधून एकेक घटक काढत फिरलं तर तो ऑब्जेक्ट भेटतो. ‘हा तुझ्यात आहे का’ असं विचारलं तर सेट नव्या हॅशकोडच्या कप्प्यात बघतो आणि ‘नाही’ म्हणतो. आणि त्या सेटला कन्टेन्सऑलने विचारलं, ‘तुझ्यात तू स्वतः सगळा आहेस का?’, तर उत्तर येतं, नाही. प्रत्येक संच स्वतःचा उपसंच असतो, हे संचांच्या अगदी पहिल्या धड्यात शिकवतात. इथे ते मोडतं. त्याच सेटला इक्वल्सने ‘तू स्वतःशी समान आहेस का’ असं विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो, कारण इक्वल्स सर्वांत आधी दोन्ही संदर्भ एकच आहेत का ते पाहते आणि तिथेच थांबते. एक वस्तू स्वतःशी समान आहे आणि स्वतःला सामावू शकत नाही, अशी अवस्था एका साध्या सेटरने, म्हणजे फील्ड बदलणाऱ्या मेथडने, येते. पायथनने या बाबतीत दार आधीच बंद केलं. लिस्टसारखी बदलती वस्तू सेटमध्ये घालायला गेलं की तो एररच देतो. मला ती कडक भूमिका पटते. सेटमध्ये जाणाऱ्या वस्तू न बदलणाऱ्या ठेवाव्यात, हे मी कुठलीही सूट न ठेवता पाळतो.

ट्रीसेटची, म्हणजे घटक क्रमाने लावून ठेवणाऱ्या सेटची, तऱ्हा आणखी वेगळी. तो इक्वल्सला विचारतच नाही, तुलनेच्या निकषाला विचारतो. बिगडेसिमलमध्ये, म्हणजे जावाच्या अचूक दशांश संख्यांमध्ये, २.० आणि २.०० इक्वल्सच्या मते वेगळे आहेत, कारण दशांश स्थळांची संख्याही ती धरते. तुलनेच्या मते मात्र दोन्ही सारखे. त्यामुळे २.० ठेवलेल्या हॅशसेटमध्ये २.०० नाही, आणि २.० ठेवलेल्या ट्रीसेटमध्ये आहे. याहून विचित्र प्रसंग येतो तो रोमन अक्षरांच्या बाबतीत, कॅपिटल-स्मॉल भेद न मानणारा निकष ट्रीसेटला दिला की. एका ट्रीसेटमध्ये कॅपिटल ए ठेवा, एका हॅशसेटमध्ये स्मॉल ए. सेटची इक्वल्स आधी आकार पाहते आणि मग कन्टेन्सऑलला विचारते. ट्रीसेटला विचारलं, ‘तू त्या हॅशसेटसारखा आहेस का?’ तो म्हणतो, हो. हॅशसेटला विचारलं, ‘तू त्या ट्रीसेटसारखा आहेस का?’ तो म्हणतो, नाही. समानता ही दोन्ही बाजूंनी सारखी असायला हवी, आणि इथे ती एकतर्फी झाली. तुलनेचा निकष इक्वल्सशी सुसंगत ठेवा, असं जावाचं दस्तऐवजीकरण बजावून सांगतं ते यासाठीच. सुरुवातीला मी म्हटलं की प्रश्न कोणाला विचारला याला महत्त्व आहे, त्याचा याहून स्वच्छ नमुना माझ्या पाहण्यात नाही. आत काय आहे ते तेच, फक्त डॉटच्या डावी-उजवीकडची अदलाबदल झाली.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना ‘तेच’ची आणखी एक वाट ठाऊक असायला हवी. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो. एक, त्याचा स्वतःचा स्वतंत्र कोडपॉइंट, म्हणजे क्रमांक. दोन, साधा र आणि त्यापाठोपाठ नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, आणि युनिकोडच्या नियमाप्रमाणे ते सममूल्यही आहेत. पण स्ट्रिंगची इक्वल्स हे क्रमांक ताडून पाहते, आकार पाहत नाही. शब्दांच्या दोन याद्या दोन वेगळ्या कीबोर्डवरून आलेल्या असतील तर ‘या यादीत त्या यादीतले सगळे शब्द आहेत का’ याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, आणि डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी फरक दिसत नाही. उपाय सोपा आहे: कलेक्शनमध्ये घालण्याआधीच प्रत्येक स्ट्रिंग नॉर्मलाइझ करून, म्हणजे एकाच ठरावीक रूपात आणून, घ्यायची, जावात त्यासाठी नॉर्मलायझर हा क्लास आहे. तपासणीच्या वेळी करू म्हटलं तर कुठेतरी एका जागी करायचं राहतंच.

आता रिकाम्या कलेक्शनकडे येतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत गंभीर भाग हा आहे. कुठल्याही कलेक्शनला विचारा, ‘तुझ्यात या रिकाम्या कलेक्शनमधलं सगळं आहे का?’ उत्तर ‘हो’. रिकाम्यालाही रिकामं सामावतं. ऐकताना हे जरा अडतं, पण दुसरं उत्तर देता येणारच नाही. समजा मोठ्या कलेक्शनमध्ये छोटं पूर्ण सामावलं आहे. छोट्यातून एक घटक काढला तर उरलेलं सामावणारच. आणखी एक काढला, तरी तेच. असं करत करत शेवटचा घटकही काढला. एवढं सगळं खरं राहत आलेलं विधान शेवटच्या पायरीवर अचानक खोटं व्हायला काही कारण नाही. जावाच्या एनमसेटमध्ये, म्हणजे एनमच्या (ठरावीक नावांच्या यादीच्या) घटकांसाठीच असलेल्या सेटमध्ये, तर हे फार काटेकोरपणे पाळलेलं आहे. दोन एनमसेट वेगवेगळ्या एनमचे असतील, म्हणजे एकात दुसऱ्याचा घटक असण्याची शक्यताच नसेल, तेव्हा तिथली कन्टेन्सऑल फक्त एवढंच पाहते की समोरचा रिकामा आहे का. रिकामा असेल तर ‘हो’. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन प्रकारांमध्येही रिकाम्याचा मान राखलेला आहे.

तर्क निर्दोष आहे. आता हाच तर्क परवानग्यांच्या तपासणीत आणा. एखाद्या कामासाठी लागणाऱ्या परवानग्यांची यादी आहे, वापरकर्त्याकडे असलेल्या परवानग्यांची यादी आहे. वापरकर्त्याच्या यादीत लागणारी सगळी असेल तर दार उघडायचं. कन्टेन्सऑलची एक ओळ, वाचायला सुरेख. आणि मग एखाद्या दिवशी लागणाऱ्या परवानग्या ज्या फाइलमधून वाचायच्या तिच्यात एक नाव चुकलं, किंवा वाचताना झालेली चूक कोणीतरी पकडून तिथे रिकामी यादी परत केली. आता ‘काहीच लागत नाही’ आणि ‘काय लागतं ते कळलंच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच रिकाम्या यादीत येऊन बसल्या. कन्टेन्सऑल इमानदारीने ‘हो’ म्हणते. दार सगळ्यांना उघडतं. एकही एक्सेप्शन (प्रोग्रामने दिलेली चुकीची हाक) नाही, लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) एक ओळ नाही, सगळं बिनबोभाट. आणि तक्रार तरी कोण करणार? ज्यांना आत जाता येत नाही ते तक्रार करतात. ज्यांना जाता येतं ते करत नाहीत. म्हणून अशा ठिकाणी मी रिकाम्या यादीला वेगळं हाताळल्याशिवाय कोड पुढे जाऊ देत नाही. काही लागत नसेल तर ते तसं उघड लिहिलेलं असावं, आणि यादी मिळालीच नाही तर तिथेच थांबावं.

नलचं, म्हणजे ‘इथे कुठलीच वस्तू नाही’ या खुणेचं, थोडक्यात सांगतो. जावा ९मध्ये आलेल्या न बदलणाऱ्या लिस्ट नलबद्दल विचारणंही खपवून घेत नाहीत; ‘तुझ्यात नल आहे का’ म्हटलं की एक्सेप्शन. त्यामुळे [१, २] अशा लिस्टला [१, नल] बद्दल विचारलं तर एक्सेप्शन येतं, पण [५, नल] बद्दल विचारलं तर शांतपणे ‘नाही’ येतं, कारण ५ न सापडल्यावर ती नलपर्यंत पोहोचतच नाही. घटकांच्या क्रमावर उत्तराचं स्वरूप बदलतं. चाचणीत नल शेवटी ठेवलेला असेल तर कदाचित हे कधीच दिसणार नाही.

आणि क्रमच महत्त्वाचा असेल, म्हणजे छोटी लिस्ट मोठीत सलग, त्याच ओळीने यायला हवी असेल, तर कन्टेन्सऑलचा काही उपयोग नाही. त्यासाठी जावात इन्डेक्सऑफसबलिस्ट आहे. ती सुरुवातीची जागा सांगते, न सापडल्यास उणे एक. सलग नको पण क्रम हवा, असं असेल तर वरच्या दोन बोटांची चाल स्वतः लिहावी लागते; आकार तोच, फक्त लहान-मोठं न पाहता जुळेपर्यंत मोठीचं बोट पुढे न्यायचं.

वेगाबद्दल एकच गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती देखणी आहे. मघाशी एनमसेटचा उल्लेख केला. एनममध्ये चौसष्टपर्यंत नावं असतील तर हा सेट आतून फक्त एक चौसष्ट बिटांची संख्या असतो. प्रत्येक नावाला एक बिट. आहे तर १, नाही तर ०. समजा वाचणं, लिहिणं, पुसणं आणि वाटणं अशा चार परवानग्या आहेत. आपल्याकडे पहिल्या तीन आहेत, लागतात त्या पहिली आणि तिसरी. आपल्याकडची संख्या उलटवली, म्हणजे १च्या जागी ० आणि ०च्या जागी १ केले, की आपल्याकडे जे नाही त्याचं चित्र मिळतं. ते लागणाऱ्यांवर ठेवायचं आणि दोन्हीकडे १ असलेला एखादा बिट उरतो का ते पाहायचं. काहीच उरलं नाही, म्हणजे लागणारं असं काही नाही जे आपल्याकडे नाही. उत्तर ‘हो’. ना लूप, ना इक्वल्स, ना हॅशकोड. दोन-तीन यंत्रसूचनांमध्ये अख्ख्या संचाचा प्रश्न सुटतो. घटक ठरावीक आणि मोजके असतील तिथे मी दुसरं काही शोधत नाही.

बाकी ठिकाणी मी हल्ली कन्टेन्सऑल क्लासच्या बाहेर दिसू देत नाही. साठा आणि मागणी यांचं उदाहरण घ्या. साठ्याच्या क्लासकडून लिस्ट मागून घ्यायची, मागणीची लिस्ट घ्यायची आणि बाहेर तिसऱ्याच ठिकाणी कन्टेन्सऑल लावायचं, असा कोड सगळीकडे असतो. मागणीत एकाच भागाचे दोन नग असतात, साठ्यात एकच असतो, आणि तपासणी ‘हो’ म्हणते. त्याऐवजी साठ्यालाच एक मेथड द्यावी, ‘ही मागणी पुरवू शकतोस का’ अशा नावाची. आता प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला. मोजणी धरायची, हे साठ्याला ठाऊक असायला हवं. दोन क्रमांकांत फक्त कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक असेल तर ते एकच समजायचे, हेही त्याला ठाऊक असावं. रिकामी मागणी आली तर पुरवली म्हणायचं की परत पाठवायची, हेही तोच ठरवेल, आणि ते एकाच जागी लिहिलेलं असेल. आत आज लिस्ट असेल, उद्या संख्यांचा मॅप येईल. हा बदल मी अशा एका क्लासमध्ये करून पाहिला आहे. त्याला विचारणाऱ्या कुठल्याही कोडला हात लावावा लागला नाही. जुन्या चाचण्यांमध्ये मात्र मी एक नवी घातली: साठ्यात [१, १, २], मागणीत [१, २, २].